डावीकडचा भाचा

आमच्याकडे एखाद्या पोराने क्लब बदलला असं कळलं, की ऐकणारा आधी आवाज खाली आणतो. हल्याळपासून धारवाडपर्यंत क्लब म्हणजे रिक्रिएशन क्लब, आणि रिक्रिएशन म्हणजे रमी. त्यामुळे पुण्याहून बहिणीचा फोन आला आणि तुटक्या रेंजमधून "त्याने क्लब बदलला" एवढंच आईच्या कानावर पडलं, तेव्हा तिने पुढचं काही न ऐकता चन्नबसवेश्वराला पाच नारळ बोलून टाकले.

मग भाचा स्वतः फोनवर आला.

"आधीचा क्लब का सोडलास रे?" आजीने विचारलं.

"आजी, तिथे सारखे हरत होतो."

"किती हरलास?"

"पंधरा-शून्य, बावीस-सात, असंच काहीतरी."

"हजारात?"

तेवढ्यात रेंज गेली. आमच्या उळवीची रेंज नको तेव्हा असते आणि हवी तेव्हा जाते. नारळ अकरा झाले.

दुसऱ्या दिवशी मी टेकाडावरच्या फणसाखाली गेलो. तिथे एका ठरावीक दगडावर उभं राहून मान जरा पूर्वेला कलती ठेवली की पुणं स्पष्ट ऐकू येतं. सगळा उलगडा करून घेतला. भाचा रग्बी खेळतो हे आम्हाला अंधुक ठाऊक होतं. तो चांगला खेळतो, हे नवीन. मुंबईच्या एका क्लबाने त्याला आपणहून बोलावून घेतलं, हे त्याहून नवीन. कुठल्याशा पेपरात त्याच्यावर दोन ओळी आल्या होत्या आणि त्यांत त्याला 'होतकरू' म्हटलं होतं. मराठी पेपरात होतकरू माणूस दोनच ठिकाणी भेटतो. एक क्रीडा पानावर, आणि दुसरा 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप' या बातमीत. क्रीडा पानावर 'गरीब' छापत नाहीत, वाचकाने ते आपलं आपण समजून घ्यायचं असतं.

भाच्यांच्या बाबतीत उळवीत जरा जपूनच बोलावं लागतं. हे सबंध क्षेत्रच एका भाच्याचं आहे. बाराव्या शतकात कल्याणला रणकंदन झालं, शरणांची पांगापांग झाली, आणि बसवण्णांचे भाचे, अक्का नागम्मांचे चिरंजीव चन्नबसवण्णा बरोबरच्यांना घेऊन या अरण्यात आले. त्यांची समाधी इथेच आहे. वयाने कोवळे आणि ज्ञानाने भल्याभल्यांना भारी, अशी त्यांची ख्याती. मामांचं स्थान तिकडे कूडलसंगमला, भाच्यांचं इकडे. अशा गावात "माझा भाचा काय दिवे लावणार" असं कुठलाही मामा चारचौघांत म्हणत नाही. मनात म्हणतो.

तर माघ पौर्णिमेच्या जत्रेला बहीण मुलाला घेऊन आली. निमित्त नारळांचं. तो आत शिरला तेव्हा आमच्या दाराची चौकट मला पहिल्यांदाच अरुंद वाटली. आईने त्याला खालून वर आणि वरून खाली पाहिलं आणि त्या रात्रीच्या भाकरीचं पीठ दुप्पट मळलं. जोयड्याची कंदमुळं तालुक्याबाहेरही नावाजलेली आहेत. ती त्याने ज्या गतीने संपवली ती पाहून मला पुण्यातल्या जुन्या क्लबाची थोडी दया आली.

त्याने तो क्लब का सोडला, हे जेवताना कळलं. हरणं हे एक कारण. खरं कारण, सरावानंतर मिळणारी उकडलेली अंडी बंद झाली. आधी माणशी चार होती, मग दोन, मग "आपापली आणा" असा निरोप फिरला. आई म्हणाली, "अंड्यांसाठी कुणी घर सोडतं का?" आता, सोडतं. कलकत्त्यात १८७३ साली साहेबांनी रग्बीसाठी क्लब काढला, एका वर्षात सभासद भरपूर जमले. पुढे पलटण दुसरीकडे हलली, आणि त्याहून वाईट म्हणजे क्लबातली फुकटची दारू बंद झाली. मैदान ओस पडलं. उरलेल्या मंडळींनी मात्र एक सभ्य काम केलं. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते २७० रुपये वितळवून एक चषक घडवला, त्याला नागाचे तीन कान बसवले, झाकणावर हत्ती ठेवला आणि तो लंडनला धाडून दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच चषकासाठी एकमेकांची हाडं मोडत आले आहेत. आपल्या रुपयांचा इतका टिकाऊ उपयोग साहेबाने दुसरीकडे कुठे केल्याचं मला आठवत नाही. आमच्या भाच्याच्या क्लबात अंडी वितळवून काही करता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

जत्रेचा खरा थाट बैलगाड्यांचा. धारवाड, बेळगाव, बैलहोंगलकडून सजवलेल्या गाड्या काळी नदीच्या जंगलातून मजल दरमजल करत येतात. वाघांसाठी राखलेल्या रानातून घुंगरांचा आवाज करत बैल चाललेले पाहून वाघाला काय वाटत असेल, ते वनखात्याने एकदा नोंदवून ठेवायला हवं. आमच्या परसापलीकडच्या मोकळ्या जागेत दरवर्षी आठ-दहा गाड्या सुटतात. त्यातले एक अण्णा बैलहोंगलकडचे. मराठी कानडीच्या चालीवर बोलतात, पण बैलाबद्दल कुठल्याही भाषेत बोलतात. सकाळी भाचा परसात दंड-बैठका काढत होता. अण्णा कुंपणापाशी तंबाखू मळत उभे राहिले. बैठका संपेपर्यंत उभे राहिले. मग आत आले.

"कुणाचं हे?"

"बहिणीचा मुलगा. खेळाडू आहे. रग्बी."

अण्णांनी रग्बी हा शब्द तंबाखूबरोबर बाजूला ठेवला आणि पोराभोवती एक फेरी मारली. मला ती फेरी ओळखीची होती. बाजारात जनावर बघताना हेडे मारतात ती. आधी मागून, मग कडेने, पुढून सगळ्यात शेवटी. पुढून बघितलं की जनावर बुजतं. पोटरी पाहिली, पायाचा ठेवा पाहिला, मग सरळ खांद्यावर हात ठेवून दाबला. भाचा तसूभर हलला नाही. उलट पुढे वाकून खांदा दिला.

"डावीकडे चालतो की उजवीकडे?" अण्णांनी विचारलं.

मी हसलो. भाचा हसला नाही. "डावीकडे," तो म्हणाला. "लूजहेड."

मग दोघं खाली बसले आणि मला कुणी विचारेना. रग्बीत चूक झाली की दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांत खांदे अडकवून समोरासमोर भिडतात, त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या रांगेत तिघे. मधला हूकर, त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप. डावीकडचा लूजहेड, पाठीवर एक नंबर. उजवीकडचा टाइटहेड, तीन नंबर. लूजहेडच्या डोक्याची बाहेरची बाजू मोकळी, टाइटहेडचं डोकं मात्र समोरच्या दोघांच्या मध्ये अडकलेलं. बाहेरून दोघेही सारखेच जाड दिसतात, पण डावीकडच्याला एकदम उजवीकडे उभं केलं तर मान कुठे घालायची इथूनच घोळ सुरू होतो. हे मला समजायला दोन वेळा ऐकावं लागलं. अण्णांना ऐकावंच लागलं नाही. बैलाचंही तेच. डाव्या बाजूला जुंपायची सवय लागलेला बैल उजवीकडे घातला तर गाडी रस्ता सोडून शेतात जाते.

"तिथला डावीकडचा कुठे गेला?" अण्णांनी विचारलं.

"नोकरीला कॅनडाला गेला. म्हणून मला बोलावलं."

"मग उजवीकडचा बसून असेल."

"हो, तोच मला फोन करत होता."

अण्णांनी मान डोलावली. जोडीतला एक गेला की उरलेला किती अस्वस्थ होतो, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

वजनाची गोष्ट निघाली. आंतरराष्ट्रीय संघात स्क्रमचे आठ जण मिळून नऊशे किलोच्या घरात जातात, असं भाच्याने सांगितलं. अण्णांनी मनात भागाकार-गुणाकार केला आणि म्हणाले, "म्हणजे एक चांगली जोडी." आठ माणसं म्हणजे दोन बैल, हा हिशोब जगातल्या कुठल्याही प्रशिक्षकाने अजून मांडलेला नसावा. मग रेफरी काय बोलतो, ते भाच्याने म्हणून दाखवलं. क्राउच, बाइंड, सेट. म्हणजे वाका, धरा, भिडा. अण्णांनी तीनदा नीट ऐकलं आणि विचारलं, "एवढं बोलावं लागतं?" त्यांची जोडी जिभेच्या एका टाळीवर चालते.

आता दात. अण्णांनी हनुवटीला हात लावला तसा भाच्याने सवयीने तोंड उघडलं. डॉक्टरांनी, प्रशिक्षकाने, सगळ्यांनीच आजवर ते उघडून पाहिलं होतं. वरच्या ओळीत एक दात नव्हता. गेल्या पावसाळ्यात कुणाच्या तरी कोपराने नेला होता, माउथगार्ड त्या दिवशी बॅगेत राहिलं होतं. अण्णा बुचकळ्यात पडले. बैलाचं वय दातांवरून सांगतात. दुधाचे असतील तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळलेला. एक उणे दात ही पायरी त्यांच्या हिशोबात नव्हती. शेवटी त्यांनी कानाकडे पाहिलं आणि चेहरा उजळला. कान घासून, चोळामोळा होऊन मिटलेला. "हा तर पैलवानाचा कान!" हल्याळच्या तालमीतली पोरं त्यांनी पाहिलेली. आमच्या भागात मोडका कान दहावीच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त ठिकाणी चालतो.

खांदा मात्र त्यांना पसंत पडला नाही. कातडी जाड झाली होती, आत सूज होती. नव्या क्लबाच्या डॉक्टरने त्यावर बर्फ सांगितला होता. अण्णांनी बर्फाचं नाव ऐकून तोंड फिरवलं. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात, तशी त्यांनी आईकडून हळद आणि तूप मागवून घेतलं, पाणी कोमट केलं आणि मुंबईच्या क्लबाचा एक नंबर ओट्यावर पालथा घालून मळायला घेतला. आई मायेने बघत होती. बहीण व्हिडिओ काढत होती.

त्या मळणीतच भाच्याने नव्या क्लबातली त्याची पारख कशी झाली ते सांगितलं. बोलावलं म्हणून कुणी आंधळेपणाने घेत नाही. वजन झालं, गुडघे पिरगाळून झाले, आणि मग 'ब्राँको' नावाची परीक्षा. वीस मीटर जाऊन परत, चाळीस जाऊन परत, साठ जाऊन परत, असं पाच वेळा. एकूण बाराशे मीटर, मध्ये श्वास घ्यायला थांबायचं नाही. ब्राँको म्हणजे तिकडे अमेरिकेत न माणसाळलेला घोडा. घोड्याच्या नावाची परीक्षा बैलाच्या कामाला, असं मी म्हणालो. ते कुणाला आवडलं नाही.

पास झाल्यावर फोटो. नवी जर्सी छातीशी धरून, शेजारी क्लबाचे सचिव, दोघांची नजर वेगवेगळ्या मोबाइलकडे. खाली मजकूर: हा क्लब म्हणजे एक कुटुंब आहे, इथे खूप शिकायला मिळेल. जगातल्या प्रत्येक खेळाडूने प्रत्येक नव्या क्लबाबद्दल हेच म्हटलेलं आहे. पण बदल मानवतोच असं नाही. वेल्सचा लुईस रीस-झॅमिट विजेसारखा पळणारा गडी. एकोणिसाव्या वर्षी देशाकडून खेळला, ग्लॉस्टर क्लबाचा लाडका. जानेवारी २०२४ मध्ये, वेल्सचा संघ जाहीर व्हायला तासभर उरलेला असताना, त्याने कळवलं की मी अमेरिकन फुटबॉल खेळायला चाललो. तिकडे आधी कॅन्सस सिटी, मग जॅक्सनव्हिल. दीड वर्ष सराव केला, हंगामातल्या एकाही खऱ्या सामन्यात उतरला नाही, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये परत येऊन ब्रिस्टलच्या क्लबात दाखल झाला. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली. ते मळता मळता म्हणाले, "शर्यतीचा असणार. नांगराला लावला असेल." यावर अमेरिकेतल्या कुणाही तज्ज्ञाला आणखी काही जोडता येईल असं वाटत नाही.

नवीन आलेल्याला गाणं म्हणावं लागतं, हा रग्बीतला जुना दंडक. बसमध्ये सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं. मागून बाटल्या येतात. भाच्याला एकही गाणं पूर्ण येत नाही. त्याने घाबरून गणपतीची आरती सुरू केली. बस दादरहून निघालेली, त्यामुळे दुसऱ्या ओळीला अर्धा संघ टाळ्या धरून उभा, तिसऱ्याला ड्रायव्हर. नागालँडचा एक खेळाडू होता, त्याला वाटलं हे क्लबाचं गीत आहे. त्याने पुढच्या सामन्याआधी ते पाठ करून आणलं.

अण्णांना या सगळ्यात एकच गोष्ट खटकत होती. बोलीचं काय? मी त्यांना मुंबईच्या लीगबद्दल सांगितलं. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग भरली. अभिनेते राहुल बोस, जे स्वतः भारताकडून रग्बी खेळले, ते या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष; त्यांच्याच कारकिर्दीत हे घडलं. सहा संघ, परदेशी खेळाडू, आपल्या पोरांवर बोली. मुंबईचा संघ 'ड्रीमर्स', म्हणजे स्वप्नं बघणारे. लोकलमध्ये उभ्याने झोपणाऱ्या शहराला हे नाव शोभलं. कलिंगाचा 'ब्लॅक टायगर्स'. आमच्या काळीच्या जंगलात काळा बिबट्या आहे, त्याच्या नावाने मात्र अजून कुणी संघ काढलेला नाही. आणि चेन्नईचा 'बुल्स'.

"बुल म्हणजे?"

"बैल. वळू म्हणा."

"जिंकले का?"

"अंतिम सामन्यात दिल्लीला ४१-० ने हरवलं."

अण्णांनी भाच्याच्या पाठीवर समाधानाने एक थाप मारली. जगात काहीतरी योग्य चाललं असल्याची ती थाप होती.

भाच्यावर मात्र बोली लागलेली नाही. ती लीग सात-सात जणांची. मूळ खेळ पंधरांचा, तो सातांवर कापून आणला स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावच्या नेड हेगने, १८८३ मध्ये. धंद्याने तो खाटीक होता, तेव्हा कापण्यात हात बसलेलाच. सातांच्या खेळात स्क्रम तिघांचा, बाकी वेळ नुसतं पळायचं. जाड्या लूजहेडला तिथे कोण विचारतो? तो पंधरांच्या क्लबातच शोभतो, आणि आपल्याकडच्या क्लबांत पैसा नाही.

पैशावरून रग्बीत पूर्वी भाऊबंदकी झालेली आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडचे खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी सामना खेळले की त्यांचा रोज बुडायचा. तो भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं म्हणणं. लंडनची सभ्य मंडळी म्हणाली, खेळ हा खेळासाठी खेळायचा. ज्यांचा रोज कधी बुडालेला नसतो त्यांना हे वाक्य फार सहज सुचतं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. बुडालेल्या रोजाचे सहा शिलिंग, इतक्यावर खेळाची दोन घरं झाली ती कायमची. थोरल्या घराने खेळाडूला उघडपणे पैसे द्यायला हो म्हणायला १९९५ चा ऑगस्ट उजाडला. बरोबर शंभर वर्षं विचार केला. आमच्या सुप्याच्या धरणग्रस्तांच्या फायलीसुद्धा हे ऐकून तरुण वाटू लागतील.

अण्णांना इंग्लंडशी कर्तव्य नव्हतं. हात धुऊन झाल्यावर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात भाच्यापुढे केला. जनावराच्या बाजारात सौदा असाच होतो. टॉवेलखाली बोटं धरायची, किती बोटं तो आकडा, आजूबाजूच्याला पत्ता लागत नाही. भाच्याला ही पद्धत ठाऊक नव्हती. त्याला वाटलं हात पुसायला दिलाय. मी समजावलं, "क्लबाने तुझे किती दिले, ते विचारतायत. बोटाने सांग."

भाचा जरा लाजला. "मामा, दिले काही नाहीत. मीच वर्षाची वर्गणी भरली. बूट माझे. जर्सीचे वेगळे. बसचं भाडं वाटून घेतो."

अण्णांनी ते कानडीतून दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला, भाच्याकडे नव्याने पाहिलं आणि काही न बोलता गाड्यांकडे निघून गेले.

"रागावले का?" बहिणीने विचारलं.

रागावले नव्हते. पाचच मिनिटांत ते परत आले. बरोबर सगळ्या गाड्यांचे मिळून चौदा-पंधरा जण होते, दोन म्हातारे काठी टेकत, एक पोर कडेवर. सगळे कुंपणापाशी रांगेने उभे राहिले आणि स्वतःच्या खिशातले पैसे देऊन जुवाखाली जाणारा बैल बघू लागले. आईने आतून विचारलं, "चहा किती जणांचा टाकू?"